दोन ओकांमधला कठडा

मार्चच्या सभेला हॉल भरला, त्याला कारण ग्लोरिया पासमोरचे मनगट. एरवी आमच्या ऑस्प्रे हॅमॉक या निवृत्तांच्या वसाहतीच्या मासिक सभेला ठरलेली डोकी येतात. तळ्यातल्या मगरी आणि कुंपणाचा रंग यांवर बोलतात आणि लिंबाचा 'पाय' हा गोड पदार्थ खाऊन घरी जातात. त्या दिवशी बाहेरच्या हिरवळीवर आमच्या बॅटरीवरच्या छोट्या गोल्फ कार्ट उभ्या करायला जागा नव्हती.

ग्लोरियाने प्लास्टरमधला हात सगळ्यांना दिसेल असा टेबलावर ठेवला होता.

"मी माझ्या बाजूने चालले होते," ती म्हणाली. "दिवे लावलेले. वेगाचं म्हणाल तर माझ्या कार्टला बदकं मागे टाकतात. दोन ओक वृक्षांच्या वळणावर आले, तर समोरून पांढरी कार्ट. बिनदिव्याची. आणि रस्त्यावरून नाही हं, गवतातून! सरळ माझ्या अंगावर. मी चाक फिरवलं आणि गेले अझेलियाच्या झुडपात."

"आणि तो?" मागून कोणीतरी विचारले.

"तो कशाला थांबतोय! दोन बोटं वर केली आणि गेला."

आमच्याकडे समोरून कार्ट आली की चाकावरची दोन बोटे उचलायची, अशी पद्धत आहे. हात हलवत नाहीत, नाव घेत नाहीत. खरे तर चेहराही कोणी बघत नाही, कार्ट बघतात. पोपट बांधलेली लाल कार्ट म्हणजे अमुक, ओहायोचा झेंडा लावलेली म्हणजे मी. पांढऱ्या कार्ट मात्र पुष्कळ आहेत, कारण वसाहत नवी असताना बिल्डरने प्रत्येक घरामागे एक तशीच दिली होती. त्यामुळे पांढरी कार्ट एवढ्यावरून काही ठरत नाही.

"मलाही दिसलाय," एकजण म्हणाला. "तिन्हीसांजेलाच. पेंढ्याची हॅट होती डोक्यावर."

"हिरव्या पट्टीची," दुसरी बाई म्हणाली आणि लगेच गप्प झाली.

हिरव्या पट्टीची हॅट वसाहतीत एकच आहे. ती हॉलिस टॅकेटची.

सभेचा अध्यक्ष ड्वेन केसलर निवृत्त वैमानिक आहे. कुणाच्या स्वयंपाकघरात साप निघाला तरी तो हवामान सांगावे तशा आवाजात सांगतो. त्याच आवाजात त्याने सुधारणा वाचल्या. वळणावर दिवा. बहिर्गोल आरसा. वेग कमी. "आणि शेवटचं म्हणजे, ज्याच्यापासून दुसऱ्यांना धोका आहे असं सिद्ध होईल, त्याच्या घरच्यांना मंडळ तसं लेखी कळवेल आणि त्यांनी पुढची व्यवस्था करावी."

नाव कोणी घेतले नाही, पण माना वळल्या. दुसऱ्या रांगेत हॉलिसची बायको व्हर्ना ताठ बसली होती.

हॉलिसला विसर पडत चालला आहे हे सगळ्यांना ठाऊक होते. पुढची व्यवस्था म्हणजे काय, हेही ठाऊक होते. हायवेच्या पलीकडे विसरभोळ्या म्हाताऱ्यांसाठी एक जागा आहे, तिची दारे आतून उघडत नाहीत. टॅकेटांच्या अटलांटातल्या मुलाने बापाचे नाव तिथे घालून ठेवले होते. व्हर्ना सही करत नव्हती. मंडळाचे असे एक पत्र गेले की तिच्या सहीची गरज उरणार नव्हती.

ती उभी राहिली आणि गळ्यातली दोरी बाहेर काढून तिने किल्ली दाखवली. "नाताळपासून ही इथे आहे. अंघोळीलासुद्धा काढत नाही. हॉलिस कार्ट चालवतच नाही."

"व्हर्ना, वाईट वाटून घेऊ नकोस," ग्लोरिया म्हणाली, "पण ती किल्ली कशालाही लागते. मागच्या महिन्यात दुकानाबाहेरून तू माझी कार्ट नाही का घेऊन गेलीस? माझ्या गोठवलेल्या मटारांसकट?"

"मटार परत दिले होते मी."

"शिजवून दिलेस!"

हॉल हसला. व्हर्नाही थोडी हसली आणि बसली. पण मुद्दा खरा होता. त्या सगळ्या पांढऱ्या कार्टना एकच किल्ली लागते, आणि आमच्यातल्या प्रत्येकाने कधी ना कधी दुसऱ्याची कार्ट आपली समजून घरी नेली आहे. गळ्यातल्या किल्लीने काहीच सिद्ध होत नव्हते. ड्वेनने विषय पुढच्या सभेवर टाकला.

बाहेर व्हर्नाने मला गाठले. मी टोलेडोच्या एका दैनिकात आयुष्यभर नगरपालिका आणि अपघात या दोन विषयांवर लिहिले. आता वसाहतीचे पत्रक काढतो.

"लायल, तू छापतोस ते लोक खरं मानतात," ती म्हणाली. "माझ्याबरोबर एकदा वळणावर येऊन बस. हॉलिस माझ्या शेजारी असेल. तो माझ्या शेजारी असताना ती कार्ट आली, तर तू पाहिलेलं असेल. मला तेवढंच हवंय."

ऊन कलताना आम्ही गेलो. कार्ट व्हर्ना चालवत होती, शेजारी हॉलिस, मागच्या सीटवर मी. ग्लोरियाच्या मोडलेल्या झुडपाजवळ तिने कार्ट बाजूला घेतली. इथे रस्ता तळ्याला वळसा घालतो. वळणाच्या आतल्या बाजूला मोकळे गवत आहे आणि त्यात दोन मोठे ओक, फांद्यांवरून राखाडी शेवाळ लोंबणारे. गवतात नेहमीचे सारस चरत होते. हे सारस माणसाला भीत नाहीत, पण कोणीही जवळून गेले की मान वर करून ओरडतात.

हॉलिस माझ्याकडे वळला. "तुम्ही नवीन का इथे?"

"बरीच वर्षं झाली, हॉलिस. मी लायल."

"असं होय." त्याने नम्रपणे मान हलवली. "मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. हा रस्ता चुकीचा घातलाय ह्यांनी. तो इथून जात नाही."

"कुठून जातो मग?"

हॅट मांडीवर ठेवून तो ओकांकडे बघत बसला.

कार्ट आली ती त्या दोन झाडांमधून. मी घुरघुर ऐकली, मग पांढरे छत पाहिले. दिवे नव्हते. ती सारसांच्या मधून आली आणि एकाही सारसाने मान वर केली नाही. चालवणाऱ्याचे मी नीट वर्णन करू शकतो. पेंढ्याची हॅट, हिरवी पट्टी, कोपरापर्यंत दुमडलेल्या निळ्या बाह्या, चाकावर दोन्ही हात. चेहऱ्याचे वर्णन करू शकत नाही. चेहरे लक्षात ठेवणे हा माझा धंदा होता आणि मी मुद्दाम बघितले. हॅटखाली झाडाखाली होता तसाच अंधार होता.

आमच्या समोरून रस्ता ओलांडताना त्याने दोन बोटे उचलली. माझ्या पुढ्यात हॉलिसनेही दोन बोटे उचलली.

"चालला घरी," तो म्हणाला.

"कोण?" मी विचारले.

"हॉलिस," तो म्हणाला. शेजाऱ्याबद्दल बोलावे तसा.

कार्ट टॅकेटांच्या मागच्या अंगणाच्या दिशेने गेली आणि दिसेनाशी झाली. मी उतरून ओकांपर्यंत चालत गेलो. हिरवळीला पाणी घालणारे फवारे नुकतेच बंद झाले होते आणि गवत भिजलेले होते. मागे वळून पाहिले तर माझ्या बुटांचे ठसे दिसत होते. चाकांचे नव्हते. पाती उभी होती.

परत आलो तेव्हा व्हर्नाने माझे मनगट धरले. "पाहिलंस ना? हॉलिस इथेच होता. माझ्या शेजारी. पाहिलंस ना तू?"

"पाहिलं."

"झालं तर मग." तिला पाहिजे होते ते मिळाले होते. बाकीचे तिने त्या वेळी पाहिलेच नाही.

तिने मला चहा प्यायला घरी नेले. हॉलिस आमच्या पुढे जाळीचे दार उघडून आत गेला, खुंटीवर हॅट टांगली, आणि शेगडीवरच्या पातेल्याचे झाकण उचलले.

"व्हर्ना, बीन्समध्ये परत मीठ कमी. डॉक्टरला घाबरतेस की मला?" मग मला पाहून, "अरे लायल! उभा का? बस की. तुमचा टोलेडोचा संघ अजून हरतोय का, का सुधारला?"

मी काहीतरी उत्तर दिले. तासाभरापूर्वी हा माणूस मला नवीन का म्हणून विचारत होता.

हॉलिस हात धुवायला गेला तेव्हा व्हर्ना हळू आवाजात म्हणाली, "संध्याकाळी हा असाच असतो. डॉक्टर म्हणतात इतरांचं उलटं होतं, ऊन उतरलं की बिथरतात. हा दिवे लागायच्या वेळी परत येतो. मग झोपेपर्यंत माझा असतो." बर्फाचा चहा माझ्यापुढे ठेवताना ती म्हणाली, "दिवसभर मी त्याचीच वाट बघते."

एप्रिलच्या सभेत मी पाहिलेले सांगितले. हॉलिस आमच्याबरोबर होता. पांढरी कार्ट ओकांमधून आली.

"चेहरा?" ड्वेनने विचारले.

"दिसला नाही."

"चाकांच्या खुणा?"

"नव्हत्या. गवत ओलं होतं, आणि नव्हत्या."

थोडी चुळबुळ झाली. "लायल, चष्मा बदल बाबा," मागून कोणी म्हणाले, पण कोणी फारसे हसले नाही. अंगावर आलेली कार्ट पाहिलेले बरेच जण हॉलमध्ये होते. त्यांनी खुणा शोधल्या नव्हत्या, एवढेच.

तेव्हा व्हर्ना उठली. मला तिचे शब्द आठवतात, कारण तिच्याकडे बघून वाटले होते की ही जिंकली. "दिवे लावा, आरसा लावा, काय हवं ते लावा. पण आधी दोन ओकांच्या मध्ये कठडा घाला. चांगला भक्कम. जो कोणी असेल त्याचं येणं बंद होईल. आणि माझ्या नवऱ्याला कोणी काही बोलणार नाही."

"कठड्याला कोणाचा विरोध?" ड्वेनने विचारले. एकही हात वर आला नाही. "आणि मिस्टर टॅकेट यांच्याबाबत मंडळाकडे काही आधार नाही, याची नोंद व्हावी."

व्हर्नाने त्या दिवशी लिंबाच्या पायचे दोन तुकडे घेतले, एक कागदी रुमालात बांधून हॉलिससाठी.

कठडा त्याच आठवड्यात झाला. जाड लाकडी खांब, सिमेंटमध्ये पुरलेले, वर दोन आडव्या फळ्या. आणि ती बिनदिव्याची कार्ट दिसायची बंद झाली. मी पत्रकात तसे छापले.

त्यानंतर पिपाणीची तक्रार सुरू झाली. कार्ट मागे घेताना आपोआप एक आवाज होतो, पिप्, पिप्, पिप्, मागे कोणी असेल तर सरकावे म्हणून. वळणाजवळच्या घरांतून लोक सांगू लागले की तिन्हीसांजेला कठड्याशी तो आवाज येतो. कोणीतरी पुढे येते, थांबते, मागे घेते, पुन्हा पुढे येते. बाहेर येऊन बघावे तर कठडा आणि गवत. ग्लोरियाने मला सांगितले, "आधी मला राग यायचा. आता मी टीव्ही मोठा करते. दार सापडत नसल्यासारखा आवाज आहे तो, लायल."

मे महिन्यात पाऊस नव्हता आणि फवाऱ्यांवर बंदी आली. व्हर्ना मला दिसेनाशी झाली होती. सभेला नाही, दुकानात नाही. एका दुपारी उशिरा मी त्यांच्याकडे गेलो. दोघे मागच्या अंगणाच्या पायऱ्यांवर बसले होते. व्हर्ना वाळली होती. शेगडीवर काही नव्हते.

हॉलिसने मला पाहून हॅट उचलली. मग तो व्हर्नाकडे वळला. "मॅडम, उशीर होतोय. तुमच्या घरी वाट बघत असतील."

"मी घरीच आहे, हॉलिस."

"तसं नव्हे, मॅडम. इथली बाई येईल एवढ्यात. तिला आवडायचं नाही."

व्हर्ना माझ्याकडे न बघता म्हणाली, "कठडा झाला त्या दिवसापासून. सकाळी असाच, संध्याकाळी असाच. काल मला म्हणाला, तुमचा नवरा कुठे असतो." तिने चेहरा पुसला. "मुलाचा फोन येतो. म्हणतो, आई, आता तरी. आणि खरं सांगू? काल मी कागद काढले होते सहीला. हा मला ओळखतच नाही, तर मी कुणाला धरून ठेवलंय?"

मी समोर अंगणाकडे बघितले. तेव्हा मला ते दिसले. उन्हाने गवत सगळीकडेच मलूल झाले होते, पण पायऱ्यांपासून निघून एक पट्टा पार पिवळा पडला होता, एका कार्टच्या रुंदीचा. अंगण ओलांडून तो आताच्या रस्त्याला आडवा छेदत होता आणि पलीकडे सरळ त्या दोन ओकांच्या मधल्या कठड्यापर्यंत जात होता.

"व्हर्ना, हे काय आहे?"

ती बघत राहिली. "जुना रस्ता," ती म्हणाली. "तळं वाढवलं तेव्हा उखडला. तू नव्हतास तेव्हा. आम्ही पहिल्यांदा आलो तेव्हा हॉलिसनेच आखला होता, दोरी आणि चुना घेऊन. म्हणाला होता, सरळ आपल्या दारात आणतो. खालची शिंपल्यांची खडी काढलीच नसणार त्यांनी. म्हणून तिथलं गवत आधी जळलं."

"रोज संध्याकाळी यायचा तो ह्या रस्त्याने?"

"रोज. शाळेच्या बसवर ड्रायव्हर होता आयुष्यभर. निवृत्त झाला तरी दिवसभर कुठेतरी कामात. दिवे लागायच्या आत घरी."

ती बोलायची थांबली. ओकांकडून आवाज आला होता. पिप्, पिप्, पिप्. मग शांतता. मग पुन्हा.

हॉलिसने मान वर केली. कितीतरी वेळाने त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी आले. "आला," तो म्हणाला. मग काळजीने व्हर्नाकडे वळून, "पण त्याला आत येता येत नाहीये, मॅडम. कोणीतरी वाट बंद केली."

व्हर्नाने गळ्यातली किल्ली मुठीत घट्ट धरली. ती उठली नाही आणि रडली नाही. अंधार पडेपर्यंत आवाज येत राहिला. ती ऐकत बसली.

जूनच्या सभेत पिपाणीचा विषय सर्वांत वर होता. ड्वेनने तांत्रिक कारणे सांगितली, वाऱ्याची दिशा, तळ्यावरचा प्रतिध्वनी. सगळ्यांनी ऐकून घेतले. मग व्हर्ना उभी राहिली.

"मीच मागितला होता कठडा," ती म्हणाली. "आता मीच म्हणते, मधून कापा. सगळा नको. एक कार्ट जाईल एवढा."

ड्वेनने चष्मा काढला. "व्हर्ना, ही सुरक्षेची सभा आहे. कोणाची कार्ट जाणार तिथून? तिथे रस्ता नाही."

"आहे. गवत बघून या."

"पण आपल्याच लोकांना धोका..."

"मग आपल्या लोकांनी थांबावं!" तिचा आवाज पहिल्यांदा चढला. "रस्ता आधी त्याचा होता. आपण येऊन आडवे गेलो. तिथे रेघ मारा, पाटी लावा, संध्याकाळी क्षणभर थांबायला सांगा. कोणाचं काय जातंय? माझं काय जातंय ते मी बघितलंय."

ड्वेनने घसा साफ केला आणि विचारले, ठरावाला अनुमोदन आहे का. माझा समज होता, मलाच द्यावे लागेल. पण प्लास्टर काढलेला, अजून पांढुरका असलेला हात आधी वर झाला.

"माझं आहे," ग्लोरिया म्हणाली. "आणि पाटी मोठी करा. ती तेव्हा असती तर मी झुडपात गेले नसते."

हात एकेक करून वर आले. का, ते कोणी विचारले नाही. ड्वेनने ठराव मंजूर झाल्याचे सांगितले. त्या एका वाक्यात त्याचा आवाज वैमानिकाचा नव्हता.

फळ्या दुसऱ्याच दिवशी कापल्या. आमच्या रस्त्यावर पिवळ्या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी रेघ मारली आणि पाटी लावली: थांबा. नवीन आलेल्या लोकांना ती पाटी विचित्र वाटते, कारण तिच्यापुढे नुसते गवत आहे. पण तेही चार दिवसांत थांबायला शिकतात, कारण पुढची कार्ट थांबलेली असते.

पाटी लागली त्याच संध्याकाळी मी तिथे होतो. माझ्यामागे ग्लोरिया, तिच्यामागे ड्वेन, म्हणाला की सहज फिरायला आलो. दिवे मालवून आम्ही रेघेवर उभे होतो. सारस चरत होते. पिपाणी वाजली नाही. घुरघुर मात्र आली, ओकांमधून, न थांबता, आणि आमच्या समोरून गेली. या वेळी मी चेहरा बघायचा प्रयत्न केला नाही. दोन बोटे उचलली. आरशात बघितले तर मागच्या दोघांनीही उचलली होती.

टॅकेटांच्या अंगणातले जाळीचे दार वाजले. मग हॉलिसचा आवाज, एवढ्या लांबून स्पष्ट: "व्हर्ना! शेगडी थंड का? आणि तू दारात काय उभी आहेस अशी?"

तिने काय उत्तर दिले ते ऐकू आले नाही. ड्वेनने दिवे लावले आणि आम्ही आपापल्या बाजूने घरी गेलो.